डॅकसाठी ‘लिनियर सप्लाय’ घेताय? आधी वजनकाट्यावर ठेवा

डॅक (डिजिटल संगीताचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारा डबा) सुरू केला की शेजारच्या रेडिओवर खरखर येते. अशा वैतागलेल्या माणसाला ‘लिनियर सप्लाय, रेडिओचा त्रास कायमचा बंद’ ही जाहिरात लगेच पटते. लिनियर म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवून डॅकला शांत वीज देणारा सप्लाय. काही हजार मोजून अॅल्युमिनियमचा देखणा डबा घरी येतो आणि आत असतो मोबाइल चार्जरच्याच जातीचा स्विचिंग सप्लाय, म्हणजे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारा आणि त्यातूनच खरखर करणारा. खरखर जागच्या जागी.

हा डबा उघडू नका. परतावा बुडतो, शिवाय आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात. बाहेरूनच पारख होते. ५ व्होल्ट, २ अँपियरच्या खऱ्या लिनियर सप्लायला साधारण ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर ११ व्होल्टच्या आसपास मिळतात, त्यातले ६ व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर जाळतो. पूर्ण लोडला ही १२ वॅट उष्णता झाली. त्यामुळे वजन अर्ध्या किलोच्या वरच हवे आणि उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंकही हवा. तळहातावर मावणारा, हलका, गार डबा लिनियर असूच शकत नाही. मागच्या पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापले असेल आणि व्होल्टेज निवडायचा ११५/२३०चा खटका नसेल, तर तो बहुधा स्विचिंगच.

खात्रीसाठी घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा. सप्लायला डॅक जोडा आणि मीडियम वेव्हचा रेडिओ वीतभर अंतरावर धरून काटा फिरवा. ६५ किलोहर्ट्झवर चालणारा स्विचिंग सप्लाय ६५च्या पटीत, म्हणजे ५८५, ६५०, ७१५ असा ठरावीक अंतराने गुरगुरतो. तुलनेला ‘शांत’ सप्लाय म्हणून पॉवर बँक घेऊ नका, तिच्यातही स्विचिंगच असते.

आणि सप्लाय अस्सल निघाला तरी ‘कायमचा बंद’ हा दावा खोटाच. डॅकच्या आतला २४.५७६ मेगाहर्ट्झचा क्लॉक (कामाचे ठोके देणारे सर्किट) चौपटीला ९८.३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे भर एफएम पट्ट्यात येतो. तो यूएसबीच्या आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींतून फेकला जातो, वायरच अँटेना होते. एकेक वायर काढून दोषी कोण ते बघा, मग डॅकच्या अगदी जवळ तिच्यावर फेराइट, म्हणजे खरखर अडवणारी कडी, लावा. एफएमसाठी एक-दोन वेढे पुरतात. मीडियम वेव्हसाठी मोठ्या रिंगमधून सहा-सात हवेत, कारण वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. वायरवर नुसती चिमटीसारखी बसणारी चिमटा-फेराइट तिथे जवळपास निरुपयोगी. तिच्यातही नकली असते, आत फक्त प्लास्टिक. चुंबक चिकटला नाही तर परत करा.

फसलाच असाल तर परताव्याची मुदत संपण्याआधी वजनाचा, पट्टीचा फोटो आणि रेडिओच्या गुरगुरीचा व्हिडिओ जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह विक्रेत्याला पाठवा. दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.