गावातली ओपन जिम: दिवाळीपासून पोळ्यापर्यंत वापरून आलेला अनुभव

आमच्या गावात शाळेमागच्या मोकळ्या जागेत मागच्या दिवाळीच्या आधी ग्रामपंचायतीने ओपन जिम बसवली. आता पोळा आला, म्हणजे हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहिते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं. आजूबाजूच्या गावातल्या बऱ्याच जणी विचारतात की खरंच फरक पडतो का नुसतं लोखंड उभं केलंय. फरक पडतो, चांगलाच पडतो, पण कोणत्या मशीनने पडतो आणि कोणत्या मशीनवर कोणी चढू नये हे कोणी सांगत नाही, बोर्डावर नुसती चित्रं आहेत.

सगळ्यात आधी तो प्रश्न जो प्रत्येक घरात ऐकायला येतो, "दिवसभर वावरात राबतो, मंग आमाले काहून पायजे कसरत?" यावर मला मनापासून बोलायचंय. वावरातलं काम हे कष्ट आहेत, पण ते शरीराला सगळीकडून सारखं पडत नाही. निंदण असो का कापूस वेचा, बाई तासन् तास कमरेत वाकलेली, तेच मणके, तेच गुडघे, आणि छातीचे, खांद्यामागचे, मांडीचे स्नायू पूर्ण जोर लावून कधी वापरलेच जात नाहीत. दम लागेल असं सलग चालणंही त्यात नसतं. शिवाय हे काम हंगामी. शेवटचा वेचा झाला, तूर-हरभरा घरी आला की पेरणीपर्यंत बहुतेक लोक बसूनच असतात, आणि आता वावरात जायला गाडी, नांगरायला ट्रॅक्टर, फवारणीला बॅटरीचा पंप. यामुळेही पन्नाशीच्या आत शुगर-बीपी निघालेली माणसं खेड्यातही घरोघरी दिसतात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि त्यांना मुद्दाम जोर द्यायला लावला तरच ते टिकतात, वाकून राहून टिकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप असं आहे की मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दम लागेल अशी हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि आठवड्यात निदान २ दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीच्या पुढच्यांनी ३ दिवस तोल सांभाळण्याचाही करावा. मध्यम म्हणजे किती, तर सोबतच्या बाईशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. आम्ही बायका हेच माप वापरतो, घड्याळ नाही की मोबाईल नाही, फाट्यापर्यंत भरभर चालत जायचं, गप्पा चालू ठेवायच्या, आणि परत येऊन मशीनवर.

मशीनमध्ये माझ्या मते सगळ्यात कामाची लेग प्रेस, म्हणजे बसून पायाने रेटायची. तुम्ही रेटता तेव्हा सीट मागे जाते, म्हणजे तुमचं स्वतःचंच वजन तुम्ही उचलता. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, खाली बसल्या की उठताना एक हात जमिनीला, एक हात माझ्या खांद्याला, आणि तोंडाने "माय वं". त्यांना सुरुवातीला अर्धवटच रेटायला लावलं, गुडघा पूर्ण ताठ करू द्यायचा नाही, रेटताना श्वास सोडायचा, परत येताना हळू यायचं, धाडकन नाही. सोबत घरी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं. महिने गेले याला, आठवड्यात झालं नाही. नागपंचमीला वाढायला म्हणून त्या चुलीजवळून स्वतः उठल्या, दोन्ही हातात पुरणाचं ताट होतं, म्हणजे टेकायला हातच मोकळा नव्हता. मी बघतच राहिले. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस बरेचदा कायमचं खाटेला लागतं, ते पाहिलंय आम्ही गल्लीत, म्हणून मांडीतली ही ताकद मला कोणत्याही टॉनिकपेक्षा मोठी वाटते.

एअर वॉकर, म्हणजे उभं राहून पाय पुढे-मागे झुलवायची मशीन, जिला पोरं झुला म्हणतात, त्यावर सगळ्यात गर्दी असते. गुडघ्यावर दणका बसत नाही हे चांगलं, पण मेहनतही फार होत नाही, अंग मोकळं करायला पाच-सात मिनिटं ठीक. त्यावरून चालू असताना उडी मारायची नाही, एका पोराची नडगी तशीच फुटली, पाय ठेवायची पट्टी परत येऊन लागते. लहान लेकरांना तिथे एकटं सोडू नका, सांध्यात बोटं जातात. खांद्याचं चाक हळू फिरवलं तर जखडलेल्या खांद्याला बरं वाटतं. चेस्ट प्रेस, म्हणजे बसून हाताने पुढे रेटायची, आणि वरून ओढायची दांडी दोन्ही चांगल्या, वेचणीने पुढे झुकलेली पाठ सरळ व्हायला ओढायची जास्त कामाची.

ट्विस्टर, म्हणजे उभं राहून कंबर फिरवायची चकती, तिच्याबद्दल मी स्पष्ट सांगते, ज्यांची कंबर दुखते, गादी सरकलीये, पायात कळ जाते त्यांनी तिच्यावर चढूच नये. पोट कमी होतं म्हणून बाया गरगर फिरतात, एका जागची चरबी तशी फिरून जात नाही, मणक्याला मात्र पीळ बसतो. बाकावर उताणं झोपून उठायच्या सिट-अपचंही तेच. गरोदर बाईने या दोन्हींपासून लांब राहायचं, चालणं वगैरे डॉक्टरला विचारून.

माझं स्वतःचं सांगायचं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, काठावर आली होती. ५.७ ते ६.४ हा काठ. आता ती काठाच्या खाली आहे, गोळी लागली नाही. चहातली साखर आणि रात्रीचा भातही कमी केला, तर सगळं श्रेय जिमला देणार नाही. पण यामागचं कारण डॉक्टरांनी छान समजावलं, स्नायू काम करतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्सुलिनच्या वाटेशिवायही ओढून घेतो, आणि व्यायामानंतर बराच वेळ इन्सुलिनला जास्त चांगला ऐकतो. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणातच चाललं तरी उपयोग होतो. आमच्या ह्यांचं बीपी आहे, नियमित व्यायामाने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरू शकतो असं सांगितलं, तेवढा उतरलाही, पण गोळी चालू आहे आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसते. झोप मात्र दोघांची सुधारली, आणि मन हलकं राहतं, हे कोणत्या रिपोर्टमध्ये येत नाही.

आता जपून करायच्या गोष्टी, ह्या वाचल्याशिवाय सुरू करू नका. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली की थांबून आधी गोड खायचं. शुगरवाल्यांनी अनवाणी तर अजिबात नाही, पायाला लागलेलं कळत नाही. बीपीवाल्यांनी रेटताना श्वास कोंडायचा नाही, त्याने बीपी एकदम चढतं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, केलेल्या कामाच्या मानाने न शोभेल इतका दम, असं झालं तर "गॅस असन" म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही, तिथेच बसायचं आणि १०८ ला फोन. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणं हे नेहमीचं आहे, दोन-तीन दिवसात जातं. पण सांध्यात टोचणारी, सूज आणणारी कळ नेहमीची नाही, तिथे थांबायचं.

आणि ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे त्याहून वाईट, आणि आमच्या जिमवर एक पान सावली नाही. संध्याकाळी सात वाजताही दांडी हाताला चटका देते. आम्ही उन्हाळाभर पहाटे पाच-साडेपाचला जायचो, उजाडून ऊन चढायच्या आत घरी. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोपर्यंत कमीच करा. पाणी सोबत, फार घाम गेला तर मीठ-साखरेचं. कोणाला चक्कर, मळमळ आली, बोलणं बरळायला लागलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच १०८, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी नाही घालायचं. पावसाळ्यात विजा कडकडत असतील तर त्या उघड्या मैदानात लोखंडाजवळ थांबू नका, आणि गवत वाढलं की टॉर्चशिवाय जाऊ नका, सापाचे दिवस आहेत. साडीचा पदर किंवा ओढणी खोचूनच जिममधल्या सायकलवर बसा, अडकते.

कमी काय आहे ते पण लिहिते. वजन वाढवायची सोय नाही, त्यामुळे काही महिन्यांनी सोपं वाटायला लागतं. मग आम्ही हळू करतो, जास्त वेळा करतो, लेग प्रेस एका पायाने करतो (गुडघा चांगला असेल तरच). बेअरिंगला ग्रीस नाही, एअर वॉकरचा एक नट ढिला झालेला आहे. मी चढायच्या आधी दांडी धरून हलवून पाहते, खटखट आवाज आला तर त्यावर चढत नाही. फरशी नाही, पावसात चिखल.

विदर्भाला व्यायाम नवीन नाही हो, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथलं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं. पण आखाड्यात बायकांना जागा नव्हती आमच्या गावात, ती इथे मिळाली. पहाटे पंधरा-वीस बाया बिनदिक्कत येतात, सुना आणि सासवा सोबत, एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी चार देते. एक कापला तो सावली आणि देखभालीचा. तुमच्या गावात बसणार असेल तर ठरावातच लिहून घ्या, खाली फरशी, वर शेड नाहीतर बाजूने कडुनिंब, एक दिवा, आणि वर्षातून दोनदा ग्रीस-नट कोण पाहणार त्याचं नाव. आमच्या बचत गटाने तसा अर्ज दिलाय, ग्रीसचा डबा मात्र आम्ही वर्गणी करून आणला, बेअरिंगवाल्या भाऊला रविवारी बोलावलंय.