कुरडयांचं वजन अडीच किलो! एका कुरिअर पॅनेलचा अनुभव

मी साताऱ्यात घरून वाळवणं आणि मसाले विकते. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, मेतकूट, कांदा-लसूण मसाला आणि मिळेल तेव्हा कोरेगावकडचा वाघ्या घेवडा. माल बाहेरगावी पाठवायला एक कुरिअर पॅनेल, म्हणजे अनेक कुरिअर कंपन्या एकाच जागी दाखवणारी वेबसाइट, वापरते. त्यात पैसे आधी भरून ठेवायचे. पिनकोड, वजन आणि खोक्याची मापं टाकली की चार-पाच कंपन्यांचे दर समोर येतात. परवडेल तो निवडायचा, लेबल छापून चिकटवायचं, संध्याकाळी मुलगा येऊन खोकी घेऊन जातो. पॅनेलचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणी वापरतात त्यांची पॅनेलंही थोड्याफार फरकानं अशीच चालतात. पाचपैकी तीन तारे.

माझ्या दृष्टीनं अशा सेवेची परीक्षा एकच. आधी दाखवलेला आकडा आणि नंतर कापलेला आकडा जुळतो का? मी गिऱ्हाइकाकडून पाठवणीचे पैसे ऑर्डरीबरोबरच घेते. आठवड्यानं पॅनेलनं जास्तीचे पैसे कापले, तर "ताई, मागच्या कुरडयांचे तीस रुपये राहिले" असा मेसेज कोणत्या तोंडानं करायचा? ते मसाल्याच्या नफ्यातूनच जातात.

आधी चांगलं सांगते. पिकअपचा मुलगा वेळेवर येतो, खोकं आपटत नाही आणि "काकू, आज पापड नाहीत का?" असं न चुकता विचारतो. पुणे-मुंबईला माल लवकर पोचतो. पार्सल कुठवर आलं ते गिऱ्हाइकाला आपोआप मेसेजनं कळतं, त्यामुळे माझे निम्मे फोन वाचतात. दरही तसे वाजवी आहेत. फक्त मोठ्या अक्षरात दिसणारा दर जीएसटी सोडून असतो. अठरा टक्के धरून आलेला आकडा खालच्या ओळीत बारीक अक्षरात असतो, आणि दर ठरवायचे ते त्या बारीक अक्षरावरून.

आता कुरडयांकडे येते. कुरडई म्हणजे जाळी. अर्धा किलो कुरडया मोडू न देता भरायच्या तर तीस बाय पंचवीस बाय पंधरा सेंटीमीटरचं खोकं लागतं. काट्यावर खोक्यासकट वजन पाऊण किलो भरतं. पण कुरिअरवाले गाडीत अडलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून माझ्या पॅनेलवर त्याला ५००० नं भागतात. ३० × २५ × १५ म्हणजे ११,२५०. भागिले ५०००, म्हणजे सव्वादोन किलो. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त त्यावर बिल, आणि तेही अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. म्हणून पाऊण किलोच्या पार्सलचे पैसे अडीच किलोचे. सगळ्यांचा भाजक ५००० च असेल असंही नाही. काही ठिकाणी तो कमी असतो, आणि भाजक कमी म्हणजे वजन जास्त. कंपनी निवडण्याआधी तो आकडा बघून घ्यावा.

ही पद्धत मला अन्यायाची वाटत नाही. गाडीत जागा अडते हे खरंच आहे. माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे.

कुरिअरच्या गोदामात यंत्र पुन्हा मोजमाप करतं. एका पार्सलचं खोकं वरून जरा फुगलं होतं, तर यंत्रानं उंची सतरा धरली. दोनच सेंटीमीटर वाढले, पण गुणाकार झाला १२,७५० आणि वजन २.५५ किलो. अडीचच्या पुढे पन्नास ग्रॅम गेले म्हणून टप्पा तीन किलोचा. माझ्या खात्यातून पैसे आपोआप वळते झाले आणि 'वजनात तफावत' एवढाच मेसेज आला. हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते. तेवढ्यात टेप लावून काढलेले तिन्ही मापांचे फोटो, काट्यावरचा फोटो आणि लेबल दिसेल असा फोटो चढवायचा. मी सगळं चढवलं. पार्सल निघण्याआधी फोटो काढून ठेवायची सवय आहे, म्हणून ते होते तरी. उत्तर आलं, तपासणीनंतर आकारणी योग्य आहे, तक्रार बंद. यंत्रानं काढलेला फोटो मागितला तर तो मिळाला नाही. माझ्याकडून पाच फोटो मागायचे आणि स्वतःचा एकही दाखवायचा नाही, ही कुठली रीत? त्या सेवेचे दोन तारे तिथे गेले.

पॅनेल सुधारेल तेव्हा सुधारेल, आमचा बंदोबस्त आम्ही केला. कुरडईचं खोकं आता चौदा उंचीचं कापून घेते. गुणाकार १०,५००, वजन २.१ किलो. यंत्रानं एखादा सेंटीमीटर जास्त धरला तरी टप्पा अडीचचाच राहतो. मसाल्याचं उलट आहे. मसाला जड, जागा थोडी. तिथे काटाच बोलतो. अर्धा किलो मसाला खोकं, पिशवी, टेप धरून अर्ध्या किलोच्या वर जातो आणि एक किलोचे पैसे पडतात. म्हणून माझं मसाल्याचं पाकीट चारशे ग्रॅमचं आहे. ते सगळं धरून पाचशेच्या आत बसतं. लोक विचारतात, हे कसलं विचित्र माप? हे माप कुरिअरनं ठरवलंय.

आणि कुरडया मागवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की खोक्यात मसाल्याची किंवा मेतकुटाची दोन-तीन पाकिटं आणखी घ्या, पाठवणीचा खर्च तेवढाच पडेल. वजन पाऊण किलो, पैसे अडीच किलोचे, मग मधली जागा रिकामी का पाठवायची? पाकिटं कडेला उभी लावली तर कुरडयांना आधारच होतो. या एका वाक्यानं माझा मेतकुटाचा खप वाढला, ते वेगळंच.

वेबसाइटवर त्यामुळे मी मालाप्रमाणे शिपिंग लावतच नाही, खोक्याप्रमाणे लावते. खोकी तीन: लहान, मधलं आणि कुरडईचं. प्रत्येकाला तीन दर: महाराष्ट्र-गोवा, बाकीचा देश, आणि ईशान्य भारत-जम्मू-काश्मीर. आकडा जीएसटीसकट पूर्ण घेते. खोक्याचे आणि टेपचे पैसे मात्र मालाच्या किमतीत. पाठवणीच्या नावाखाली पुठ्ठ्याचे पैसे घेणं मला पटत नाही. 'फ्री शिपिंग'ही पटत नाही. ते पैसे किमतीतच मिसळलेले असतात, आणि मग कराडची बाई गुवाहाटीच्या पार्सलचा खर्च उचलते.

कॅश ऑन डिलिव्हरी मी बंदच ठेवली आहे. त्याला पॅनेल ठरावीक रक्कम किंवा बिलाची टक्केवारी, यांतलं जे जास्त ते लावतं. शिवाय घेणाऱ्यानं दारातून परत पाठवलं की येतानाचं भाडंही आपलंच. परत आलेल्या कुरडया म्हणजे शेवयांचा चुरा.

एका बाबतीत पॅनेल पूर्ण हात वर करतं, आणि साताऱ्यात ते फार जाणवतं. आमच्या जिल्ह्यात घराघरातली मुलं सैन्यात आहेत. त्यांचा पत्ता '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस) असा आणि पिनकोड ९ नं सुरू होणारा. तो टाकला की एकही कुरिअर दिसत नाही. तिथे पोस्टच. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली, तेव्हा आपल्याच माणसाचं काम. त्यात नऊचा आकडा सैन्यासाठी राखलेला आहे.

पोस्टात माल मी स्वतः नेऊन देते, पण काउंटरवर आपल्यासमोर मोजतात आणि पावतीवर जी रक्कम येते ती शेवटची. नंतर खात्यातून काही वळतं होत नाही. पोस्टाच्या वेबसाइटवर दोन पिनकोड आणि वजन टाकून दर आधी बघता येतो. स्पीड पोस्टाचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदललेत, तेव्हा जुना कागद भिंतीवर चिकटवलेला असेल तर काढा. 'रजिस्टर करून पाठवा' म्हणणाऱ्यांनाही सांगा, की रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

जवानांच्या पार्सलात कुरडया घालत नाही. आयांना तसं सांगते, त्या ऐकत नाहीत. मग मी कुरडयांऐवजी सांडगे आणि मसाला सुचवते: वाटेत मोडत नाहीत, आणि तिकडे कढईही लागत नाही अशा मेतकुटाचं एक पाकीट माझ्याकडून.