एक लाख बावीस हजार सातशे रुपयांची सात इंची तबकडी

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. तबकडीचे १,१८,५०० रुपये, वर 'इन्शुअर्ड कुरियर'चे ४,२००. एकूण १,२२,७००. एवढ्या पैशात मला दोन गाण्यांची, सात इंची, पंचेचाळीस आरपीएमची (मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी) एक रेकॉर्ड मिळाली. हीच रेकॉर्ड इंग्लंडमध्ये आठ पौंडांना मिळते, कारण ती नकली आहे आणि तिथे ती नकली म्हणूनच विकतात.

बायकोला मी खरा आकडा चार महिन्यांनी सांगितला. ती काही बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

'एवढे पैसे घालवायची काय गरज होती' असं विचारणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. २००८ ते २०१२ मी कंपनीच्या प्रोजेक्टवर मँचेस्टरला होतो. आमच्या टीममधला एक साठीला आलेला टेस्टर मला एका शनिवारी रात्री कुठल्याशा क्लबच्या हॉलमध्ये घेऊन गेला. आपण कॅरमवर टाकतो तशी पावडर लाकडी फरशीवर टाकून पोटं सुटलेली, गुडघे दुखणारी माणसं गिरक्या घेत होती. वाजत होती १९६५-६६ सालची अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांची गाणी, तीही त्यांच्या देशात न खपलेली. हा टेस्टर विगन कॅसिनोला जाणाऱ्यांपैकी. विगन कॅसिनो म्हणजे मँचेस्टरजवळच्या विगन गावातलं नाचाचं ठिकाण. ते १९७३ ला सुरू झालं, १९८१ ला बंद पडलं. दारूचा परवाना नाही, तरी पोरं तिथे रात्रभर नाचायची. या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. 'नॉर्दर्न' म्हणजे इंग्लंडचं उत्तर, 'सोल' हा त्या कृष्णवर्णीय गायकांच्या संगीताचा प्रकार. गाणी डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसची.

२००९ च्या एप्रिलमध्ये, मी तिथे असतानाच, फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची एक तबकडी २५,७४२ पौंडांना गेली. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ती १९६५ मध्ये काढली आणि बाजारात यायच्या आधीच जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. विल्सन पुढे तिथेच निर्माता म्हणून नावारूपाला आला, गाणं मागे राहिलं. विगनमध्ये हेच गाणं 'एडी फॉस्टर' या खोट्या नावाने वाजायचं, कारण आपल्याकडे नेमकं काय आहे ते दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून तिथले डीजे लेबलवर भलतंच नाव चिकटवत. मग त्या खोट्या नावाने नकली प्रतीही छापल्या गेल्या आणि विकल्या गेल्या. म्हणजे या छंदाच्या पायातच बनवाबनवी आहे. हे मला ठाऊक होतं. दहा जणांना मीच हे रंगवून सांगितलेलं आहे. तरी फसलो.

आता फसवणुकीकडे येतो. पुण्याला परत आल्यावर मी जमेल तशा तबकड्या घ्यायचो, पण माझा खरा नाद त्यांच्यामागची माणसं शोधण्याचा. एक-दोन तबकड्या काढून गायब झालेले गायक, तीन वर्षांत बुडालेली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या. अमेरिकेतल्या कॉपीराइट नोंदी, शहरांच्या जुन्या डिरेक्टऱ्या, बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाचे स्कॅन केलेले अंक असं रात्री-रात्री चाळत बसायचं. लॉस एंजेलिसच्या एका छोट्या लेबलवर गाणाऱ्या एका बाईंच्या मागे मी सहा वर्षं होतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मराठीत त्यांचं नाव पहिल्यांदा उमटायचं तर ते एका चोराच्या हकिकतीत नको. ज्यांच्याकडे ती तबकडी विकायला येईल त्यांना पुढच्या वर्णनावरून कळेल.

या बाईंबद्दल मला मिळालेलं सगळं मी दोन वर्षांपूर्वी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर टाकलं होतं. हौस दुसरं काय. त्यात गाण्याच्या अरेंजरचं, म्हणजे वाद्यरचना करणाऱ्याचं, आडनाव मी चुकीचं लिहिलं होतं. माझ्याकडे लेबलचा धुरकट स्कॅन होता, त्यात 'यू'च्या जागी मी 'एन' वाचला. ही चूक जगात फक्त माझी होती. लक्षात ठेवा.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका मुलाचा मेसेज आला. मुंबईचा, मराठी स्वच्छ, आधी 'सर', दोन दिवसांत 'दादा'. त्याचं म्हणणं: आजोबा बोटीवर होते, बोट लॉस एंजेलिसजवळ लाँग बीचला लागायची, तिथून आणलेल्या साठ-सत्तर तबकड्या माळ्यावर पडल्यात, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा. आधी त्याने एक साधी तबकडी ६,५०० ला दिली. अस्सल होती, भावही रास्त. हा गळ होता हे आता शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा मी त्याला पॅकिंग कसं करायचं ते शिकवत होतो.

तीन आठवड्यांनी त्याने माझ्या बाईंच्या तबकडीचा फोटो पाठवला.

भाव १,२५,००० सांगितला, १,१८,५०० वर आला. अस्सल प्रत परदेशी लिलावात चौदाशे-पंधराशे पौंडांना गेलेली मला माहीत होती, वर कस्टम वेगळं. म्हणजे स्वस्त, पण संशय यावा इतकं स्वस्त नाही. फुकटात मिळतंय म्हणून धावलो असं कृपा करून कुणी म्हणू नका. तरीही मी भावासाठी फसलो नाही, मी फसलो पाकिटासाठी. तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने चार ओळी लिहिलेल्या होत्या: रेकॉर्डिंग कुठे झालं, कोण कोण वाजवत होतं, अरेंजर कोण. त्याची गोष्ट अशी की आजोबांना ही तबकडी त्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्यानेच दिली आणि पाकिटावर त्यानेच लिहून दिलं. सहा वर्षांत मला एकही साक्षीदार मिळाला नव्हता. आणि इथे माझा एकेक अंदाज बरोबर ठरत होता.

आता तो क्षण. रात्रीचे साडेअकरा. एकाच फोटोत डावीकडे लेबल, उजवीकडे पाकीट. लेबलवर अरेंजरचं आडनाव स्पष्ट छापलेलं, 'यू' आहे. मी म्हटलं, अरेच्चा, आपण इतके दिवस चुकीचं वाचत होतो. उठलो, वही काढली, लाल पेनाने 'एन' खोडून 'यू' केला. आणि त्याच फोटोत, चार बोटांवर, पेन्सिलीच्या अक्षरात 'एन' होता. माझा 'एन'. मी तोही पाहिला. मनात म्हटलं, घाईत लिहिलं असेल बिचाऱ्याने. ज्या माणसाने त्या अरेंजरच्या समोर बसून ट्रम्पेट वाजवली, तो त्याचं नाव नेमकं माझ्यासारखंच चुकतो, हे मला खटकलं नाही. उलट बरं वाटलं. म्हणजे आपलीच चूक मी चोराकडून विकत घेतली.

दुसरी खूण तर कानावर पडली होती. त्या बाईंची अस्सल तबकडी स्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकची आहे. लॉस एंजेलिसच्या ज्या कारखान्यात ती निघाली तिथे बहुतेक पंचेचाळीसच्या तबकड्या स्टायरीनच्याच निघायच्या. स्टायरीन कडक असतं, नखाने टिचकी मारली की प्लॅस्टिकच्या डब्यासारखं टक् वाजतं. व्हाइनिल, म्हणजे रेकॉर्डचं दुसरं प्लॅस्टिक, थोडं वाकतं आणि थप् असा मंद आवाज देतं. व्हिडिओ कॉलवर मी त्याला टिचकी मारायला लावली. आवाज आला थप्. मी म्हटलं, फोनच्या माइकमध्ये नीट येत नाहीये. तो म्हणाला, "हो ना दादा, रेंजचा पण प्रॉब्लेम आहे इकडे."

गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी चकचकीत पट्टी उरते, तिचा तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागा. मागा म्हणजे मागाच. त्या कारखान्याच्या तबकडीवर वर्तुळातली 'एमआर' ही मशीनने ठोकलेली मुद्रा असते आणि त्रिकोणाच्या खुणेपुढे क्रमांक असतो. माझ्या तबकडीवर सगळं हाताने खरवडलेलं आहे, एमआर कुठेच नाही. मी फोटो मागितला होता. त्याने पाठवला तो फ्लॅश मारून, पट्टी पांढरीफटक. दुसऱ्यांदा मागायला मला संकोच वाटला! सव्वा लाख देताना संकोच. भाजीवालीशी मी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

यूपीआयवर दिवसाची मर्यादा एक लाखाची, म्हणून पहिल्या दिवशी ६०,००० आणि दुसऱ्या दिवशी ५८,५०० पाठवले. मध्ये अख्खी रात्र होती. शिवाय खात्यावर एका बाईचं नाव येत होतं, 'मावशीचं आहे'. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा. मी रोज लावतो.

पार्सल नवव्या दिवशी आलं. हातात घेताच कळलं, वजनानेच. स्टायरीनपेक्षा जड होती. तरी मी ती आधी लावून बघितली. मँचेस्टरच्या टेस्टरला फोटो पाठवले, त्याचं दोन मिनिटांत उत्तर आलं, आठ पौंडांचा आकडा त्याचाच. त्या मुलाचा फोन तोपर्यंत चालू होता. मी रागाच्या भरात त्याला लांबलचक मेसेज लिहिला: तू कसा चोर आहेस, टिचकीचा आवाज कसा चुकला, आणि अरेंजरच्या नावात 'यू' असतो, 'एन' नाही, तू माझंच लिखाण चोरलंस. दोन निळ्या टिका आल्या. मग फोन बंद. असा मेसेज लिहू नका. का ते शेवटी सांगतो.

पार्सलवरचा पत्ता शोधत मी मुंबईला गेलो. पहाटेच्या गाडीने. पत्त्यावर केशकर्तनालय निघालं. मालक भला माणूस, त्याने चहा पाजला. असं विचारायला आलेला मी तिसरा.

आता पोलीस. चौकीतल्या अंमलदारांना मी सांगितलं, रेकॉर्डमध्ये फसवणूक झालीय. ते म्हणाले, "कसलं रेकॉर्ड? तुमच्यावर आधीचा गुन्हा आहे का?" मी पिशवीतून तबकडी काढून दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि आतल्याला हाक मारली, "अरे, ये बघ, सव्वा लाखाची बांगडी." मग प्रश्न सुरू झाले. वाजते का? वाजते. गाणं तेच आहे का? तेच आहे. वस्तू मिळाली का? मिळाली. "मग साहेब, फसवणूक कसली? तुम्हाला गाणं पाहिजे होतं, गाणं मिळालं." अस्सल आणि नकली यातला फरक मी अर्धा तास समजावला. पैठणीचं उदाहरण दिलं, हापूसचं दिलं. ते म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मग म्हणाले, आरोपी मुंबईचा, आमची हद्द नाही, तिकडे जा. मुंबईत म्हणाले, पैसे पुण्यातून गेले, पुण्यात जा. मी एकूण पाच खेपा घातल्या. एका खेपेला साहेब बंदोबस्ताला, एका खेपेला सर्व्हर बंद, एका खेपेला 'मूळ पावती आणा'. १९६६ साली लॉस एंजेलिसच्या दुकानाने एका ट्रम्पेटवाल्याला दिलेली पावती! तीही खोट्या ट्रम्पेटवाल्याला!

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पहिल्या ठाण्याला तो नोंदवून घ्यावाच लागतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. आपलं जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे. हा आकडा मी उच्चारला तेव्हा पहिल्यांदा कुणी मला बस म्हणालं. हे मला पाचव्या खेपेला सुचलं, कारण भाच्याने सांगितलं.

बँकेत तर शुद्ध इंग्रजीत उत्तर मिळालं. पिन तुम्ही स्वतः टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आम्ही काही करू शकत नाही. समोरच्या खात्यात पैसे आहेत का एवढं तरी सांगा म्हटलं, तर ग्राहकाची गोपनीयता. चोराची गोपनीयता बँकेने प्राणपणाने जपली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मात्र पैसे गेले की त्याच मिनिटाला करा, खातं गोठायचं असेल तर तेव्हाच गोठतं. मी केला तोवर नऊ दिवस उलटले होते. हा दोष माझा.

आणखी एक. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तबकडी ठेवून व्हिडिओ मागा. आणि आपण काय शोधतोय, कुठे अडलोय हे चारचौघांत लिहिताना हात आखडता घ्या. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मला जे काही कळलं ते इतरांनी मोकळेपणाने लिहिलं म्हणूनच कळलं.

मागच्या आठवड्यात बडोद्याच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला, 'ही घेऊ का?' असं विचारत. तीच तबकडी, तेच पाकीट, तेच आजोबा, बोट तीच. भाव १,३२,०००. मी फोटो मोठा करून पाकिटावरच्या पेन्सिलीच्या ओळी वाचल्या. आडनावात आता 'यू' आहे.