ग्रँडस्ट्रीम जीएक्सपी१६२५ : घरात ईपीबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) नसताना वापरायलोय

हा ऑफिसातला आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारा टेबलावरचा फोन) जुना, सेकंडहँड घेतला लातुरात. सगळे म्हणायले की मागे ईपीबीएक्स नसंल तर हा डबा काय कामाचा, पण तसं काही नाही बरं का. फोनमधे दोन एसआयपी अकाउंट (इंटरनेटवरून कॉल करायची खाती) टाकता येतात, लिनफोन नावाच्या कॉलिंग ॲपचं फुकटातलं अकाउंट काढायचं, फोनच्या स्क्रीनवरचा आयपी पत्ता ब्राउजरमधे टाकायचा आणि आत सर्वर, युजर आयडी, पासवर्ड भरायचा, झालं. भाऊ पुण्यात मोबाईलवर तेच ॲप वापरतो, आई आता रिसीवर उचलून निवांत बोलते त्याच्याशी. फक्त साध्या मोबाईल नंबरला यावरून फोन लागत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

घरातल्या घरात असे दोन फोन असतील तर अकाउंट पण नको, सरळ आयपी पत्त्यावर कॉल लागतो.

आवाज एक नंबर. जी.७११ कोडेकला (आवाज इंटरनेटवरून पाठवायची पद्धत) एका बाजूनं ८०-९० केबीपीएस लागतात, म्हणजे साधं ब्रॉडबँड बी पुरतं. वायफाय नाही पण, राऊटरपासून केबल ओढावीच लागते. आणि लाईट गेली की फोन गेला, आपल्याकडं उन्हाळ्यात काय हाल असतात माहितीच आहे, म्हणून राऊटर अन फोन दोन्ही इन्वर्टरवर घ्या.

दुकानदारानं मात्र ५ व्होल्टचा अडॅप्टर दिलाच नाही, वरून "पीओई आहे की" म्हणे (म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज), आता घरात पीओई स्विच कुणाकडं असतो राव? जुन्या कंपनीचं सेटिंगही तसंच होतं, फॅक्टरी रिसेट मारावा लागला. फोनला चार स्टार, दुकानाला एक.