मुलीच्या ‘हार्मोन कोर्स’मध्ये ४८,५०० रुपये गेले. आधी इंजेक्शनचं खोकं मागा

मुलगी तिसरीत आहे. वय ८ वर्षं ४ महिने, वजन ४२ किलो. सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत वाढ तपासणी’ शिबिर लागलं, म्हणजे पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वजन फुकट, उंची फुकट, आणि मग एक बाई हळूच, “ताई, जरा बाजूला येता का?” छाती दिसायला लागलीय, दोन-तीन महिन्यांत पाळी येईल, उंची साडेचार फुटांवर अडकेल. याच आठवड्यात क्लिनिकला या.

मला बावळट म्हणण्याआधी एवढं ऐका. माझी स्वतःची पाळी पाचवीच्या वार्षिक परीक्षेत आली. पेपर संपला तरी मी बाकावरून उठले नव्हते. त्या बाईनं ‘पाळी’ म्हटलं आणि मला तो बाक दिसला. हे म्हणत होते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मीच म्हटलं, तोवर उशीर होईल.

हाताच्या एक्स-रेचे ४,०००. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, प्रत्येकी ११,५००. ‘हार्मोन पावडर’चे दोन डबे १०,०००. सगळे आगाऊ. २०,००० रोख घेतले, बाकीचे २८,५०० कुणा माणसाच्या खासगी यूपीआयवर. पावती म्हणून चिठ्ठीवर ‘कोर्स’ एवढाच शब्द. क्लिनिकच्या नावाचं खातं नसेल तिथे एक रुपया देऊ नका.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मी खोकं मागितलं. लसीचं स्टिकर फाइलला लावतो, तसं लावायचं होतं. सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये भरलेलीच सिरिंज घेऊन आली होती, आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ. म्हणाली, “खोकं कचऱ्यात गेलं.” आणि मी मान डोलावली! पोरगी “आई, नको ना” म्हणत होती, मी तिची मांडी घट्ट धरून ठेवली. मेथीची जुडी सोडवून बघितल्याशिवाय मी घेत नाही. पोरीच्या अंगात काय जातंय ते बघितलं नाही. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही, या एका गोष्टीमुळे.

तिसऱ्या सुईआधी नणंद घरी आली. ती नर्स आहे. औषधाचं नाव विचारलं, मला सांगता येईना. तिनंच सांगितलं की महिन्याचं ल्युप्रोलाइड, म्हणजे वयात येणं लांबवणारं इंजेक्शन, भुकटी म्हणून येतं, देताना सोबतच्या द्रवात कालवतात आणि ते दुधासारखं पांढुरकं दिसतं. दुसऱ्याच दिवशी लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं. क्लिनिकमध्ये कुणी हातही लावला नव्हता. वयात येताना छातीत हाताला लागते ती गाठ नाहीच, नुसती चरबी. सोनोग्राफीत गर्भाशय लहान मुलीसारखं. हाडांचं वय (हाताच्या एक्स-रेवरून काढतात ते) थोडं पुढे, पण वजनदार मुलींमध्ये ते तसं दिसतं. आणि छातीला खरंच सुरुवात झाली असती, तरी तिथून पाळीपर्यंत साधारण दोन-अडीच वर्षं जातात. दोन-तीन महिने नव्हेत! ८ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर तपासणी हवीच, आणि गरज असलेल्या मुलींना हे इंजेक्शन उपयोगी पडतं. आठव्या वर्षानंतर सुरू केलं तर उंचीत फारसा फरक पडत नाही, असं ते म्हणाले. माझ्या मुलीला ते लागणारच नव्हतं. त्या दोन सुयांत काय होतं ते मला आजही माहीत नाही. त्यामुळे आताच्या रक्ताच्या रिपोर्टवरही पूर्ण विसंबता येत नाही, सहा महिन्यांनी परत तपासायचं आहे.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, “मुलगी बरी आहे ना?” मग म्हणे पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत. तो डॉक्टर बोगस आहे असं लेखी आणा, मग बघू. लेखी मागायला डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयात गेले, तिथे उत्तर, आमच्या यादीत हे नावच नाही, म्हणजे आमच्याकडे येत नाही, पोलिसांत जा. यादीत नाही हेच लिहून द्या म्हटलं, तर साहेब रजेवर. औषधांच्या कार्यालयात सॅम्पल मागितलं. औषध पोरीच्या अंगात आहे, सॅम्पल कुठून आणू? बॅच नंबरही नाही, कारण खोकं नाही. आरोग्य विभागानं शिबिराची परवानगी सोसायटीला विचारायला सांगितलं, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात हॉलचं भाडं आलं होतं. चार अर्ध्या रजा गेल्या. एकानंही त्या क्लिनिकच्या दारापर्यंत जायची तसदी घेतली नाही. परवा तिथून गेले, तर बाहेर बाकावर दोन मुली बसलेल्या, शाळेच्या गणवेशात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो आधी बघा. माझ्या चिठ्ठीवर नव्हता. इंजेक्शन तुमच्यासमोर फोडायला लावा, खोक्याचा फोटो काढा. पहिल्याच भेटीत कोर्सचे पैसे मागितले तर उठून चालू लागा.

यूपीआयचे स्क्रीनशॉट, ती चिठ्ठी आणि पावडरचा न फोडलेला डबा जपून ठेवलाय. सोमवारी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार आहे. आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. हे चारही कार्यालयांत मला कुणी सांगितलं नाही, कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या मुलीनं सांगितलं.