चेन लावलेल्या पिशवीतला 'शुद्ध ऑक्सिजन'

कोविड होऊन गेला, पण दादाचा थकवा काही हटेना. थोडी दगदग झाली की दुसऱ्या दिवशी अंथरूण, डोकं जड, साधे हिशेब चुकायचे. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. अशा वैतागलेल्या माणसाला गाठायला कितीसा वेळ लागतो? पुण्यातल्या एका 'वेलनेस सेंटर'ने त्याला हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या (म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या) 40 सिटिंगचं पॅकेज विकलं. पैसे सगळे आगाऊ.

सेंटरच्या टेबलावर, लाँग कोविडवर (कोविडनंतर रेंगाळणाऱ्या अशाच त्रासावर) हा उपचार करून पाहिलेल्या इस्रायलमधल्या संशोधनाचा प्रिंटआउट होता. ते संशोधन खरं आहे, गोम तिथेच आहे. 2022 मध्ये छापून आलं, एकूण 73 रुग्णांवरचं. त्यात पक्क्या चेंबरमध्ये हवेचा दाब नेहमीच्या दुप्पट केला होता आणि मास्कमधून 100 टक्के ऑक्सिजन दिला होता, रोज 90 मिनिटं. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांना तुलनेत बरं वाटलं, पण एवढ्याशा अभ्यासावर कोणी हमी देत नसतं. इथे तर हमी होतीच, वर यंत्रही भलतंच.

हे कळलं शेजारच्या काकांमुळे. ते नौदलात डायव्हर होते. पाण्यातून झपाट्याने वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्यावर हाच उपचार असतो. मोबाइलमधला सेंटरच्या यंत्राचा फोटो पाहून ते म्हणाले, "अगं, याला चेन कशी?" कापडी पिशवी, वरून चेन. असल्या बहुतेक पिशव्या 1.3 पट दाबाच्या पुढे जात नाहीत. दादाच्या पिशवीत कॉम्प्रेसरमधून नुसती हवाच जात होती. गणित सोपं आहे: हवेत 21 टक्के ऑक्सिजन, त्याच्या 1.3 पट, म्हणजे नेहमीच्या दाबाला साधारण 27 टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं. दवाखान्यात नाकाला नळी लावून मिनिटाला दोन लिटर देतात, जवळपास तेवढाच.

"कान दडपले म्हणजे उपचार लागू पडतोय," असं तिथली मुलगी रोज सांगायची. गंमत म्हणजे त्याच इस्रायली अभ्यासात ज्यांना लुटुपुटूचा उपचार दिला, त्यांचेही कान दडपावेत आणि संशय येऊ नये म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं दाब 1.2 पटीपर्यंत चढवला होता. बाहेर आल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावून 97 चे 99 दाखवायचे. चार खोल श्वास घेतले तरी तो आकडा हलतो! आणि दादाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, मुळात कधी कमी नव्हतंच.

रोजच्या जाण्या-येण्याने तो आणखी खचला, तेव्हा पैसे परत मागितले. पावतीवर 'वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल'. उपचार हा शब्दच नाही. ती पावती पैसे भरण्याआधी मागून वाचा. दाब किती, ऑक्सिजन किती टक्के, देखरेखीला कोणता डॉक्टर, हे लेखी घ्या. आम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. सेंटरचं उत्तर आलंय: आम्ही उपचार करतो असं कधी म्हटलंच नाही. व्हॉट्सॲपवरचे त्यांचे 'लाँग कोविड पूर्ण बरा' हे मेसेज मी छापून तक्रारीला जोडलेत.