वांगणीची रात्र की गच्चीवरचे दोन तास?

मैत्रीण विचारतेय, सहा वर्षांच्या लेकाला आकाशदर्शनासाठी रात्रभर वांगणीला (बदलापूरच्या पुढचं, मुंबईपेक्षा अंधारं गाव) न्यावं, की मुंबईतच एखाद्या गच्चीवर?

शनीची कडी, गुरूचे चार मोठे चंद्र दुर्बिणीतून शहरातही छान दिसतात. चंद्रासाठी शुक्ल अष्टमीच्या आसपास जा; पौर्णिमेला सावल्या नसल्यानं विवरं सपाट वाटतात. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) मात्र नीट बघायची तर अमावास्येजवळची अंधारी रात्रच हवी. (मुंबईचा उजेड वांगणीलाही पश्चिमेला जाणवतोच.)

खर्च वांगणीचा जास्त: प्रवास, जेवण, शिवाय सतरंजी-स्वेटरचं ओझं. रांग दोन्हीकडे. पोरं दुर्बिणीला धरूनच डोळा लावतात, ती हलते आणि ग्रह गायब!

दहाला पेंगणाऱ्यांना गच्ची. नक्षत्रं ओळखायची हौस असलेल्या मोठ्या मुलांना वांगणी.